तात्याबांची टोपी

"कॅमेऱ्याचं लायसन कुठाय, बाई?"

खाकी वर्दीतल्या फौजदाराने दरडावून विचारलं, आणि वैजयंती कारखानीसचा हात आपोआप पर्समध्ये गेला. आयुष्यभर मंत्र्यांना, खाणमालकांना आणि सेन्सॉरवाल्यांना तोंडावर जाब विचारणारी ही बाई क्षणभर खरोखरच लायसन शोधू लागली. मग तिचं तिलाच हसू फुटलं.

"घरी राहिलं, साहेब."

"लायसन घरी राहिलं आन् कॅमेरा बरा संगं आला? चला कचेरीत. तीन कलमं लागत्यात तुमाला. एक, इनाकारण हसणं. दोन, हसता हसता फौजदाराच्या पोटाकडं बगणं. तिसरं कलम लई जड हाय, ते मागनं बैलगाडीतनं येतंय."

फौजदाराच्या वर्दीचे दोन खांदे दोन वेगळ्या खाकीचे होते. कमरेचा पट्टा सुतळीने आवळलेला होता आणि छातीवर बिल्ल्यांच्या जागी सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचं चमकत होती. वैजयंती हसत होती, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. कारण तात्याबा शेगर, बहुरूपी, मुक्काम बार्शीच्या पुढचा माळ, यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

समोर उभे होते ते तात्याबा उजेडाचे होते. पुण्यातल्या एका नव्या संग्रहालयाच्या तळमजल्यावर, काळ्या भिंतींच्या एका खोलीत, छतातून उतरणाऱ्या प्रकाशाने त्यांना उभं केलं होतं. खोलीबाहेर पाटी लागायची होती: वैजयंती कारखानीस माहितीपट दालन.

"जमलंय ना, मॅडम?" मागून सानिका लोहोकरेने विचारलं. सानिका हे यंत्र बसवणारी अभियंता. तिशीची, भराभर बोलणारी, आणि स्वतःच्या कामावर मनापासून खूश असणारी मुलगी.

"जमलंय म्हणजे काय," वैजयंती नाक पुसत म्हणाली, "मला अटक होता होता राहिली."

आता वैजयंतीबद्दल थोडं सांगायला हवं. पस्तीस वर्षं ही बाई गावकुसाबाहेर राहिली असं म्हटलं तरी चालेल. दगड फोडणारे वडार, मिठागरांतले कामगार, मसणजोगी, गटारात उतरणारी माणसं, तमाशाच्या कनातीमागे म्हातारपण काढणाऱ्या बायका. ज्यांच्याकडे लोक नाक मुरडून बघत, त्यांच्याकडे तिने नीट बघितलं आणि इतरांना बघायला लावलं. लावलं म्हणजे काय, प्रयत्न केला. माहितीपट बघायला येतात किती माणसं? एखाद्या सभागृहात चाळीस डोकी, त्यातली दहा जेवणासाठी आलेली. पुरस्कार पुष्कळ मिळाले, ते कपाटात आहेत. प्रेक्षक मात्र मिळाले नाहीत, आणि हे शल्य ती चारचौघांत हसण्यावारी नेत असली तरी तिला आत कुठेतरी सलत होतंच.

तिचा एक नियम होता. तरुणपणी एका परदेशी वाहिनीच्या माणसांनी पालावरच्या लेकरांना हात पसरायला लावून चित्रीकरण केलेलं तिने बघितलं होतं. त्या दिवशी तिने त्यांच्याशी कडाक्याचं भांडण केलं आणि मनाशी ठरवलं की आपल्या चित्रात कुणी मागताना दिसणार नाही. माणूस मागायला लागला की कॅमेरा खाली. पुढे चित्रपट शिकवणाऱ्या संस्थांत हा 'कारखानीस नियम' म्हणून शिकवला जाऊ लागला, आणि त्याचा तिला सगळ्या पुरस्कारांपेक्षा जास्त अभिमान होता.

सानिकाच्या यंत्राचं नाव 'सहवास'. आवाजाची आणि चेहऱ्याची नक्कल ही तोवर जुनी गोष्ट झाली होती. गेलेल्या आजोबांकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा घेणं लोकांना आताशा नवलाचं वाटत नसे. सहवासचं वेगळेपण असं की ते माणसाचे शब्द शिकत नसे, त्याचं वागणं शिकत असे.

"समजा समोरचा माणूस घाबरला," सानिकाने पहिल्या भेटीत समजावलं होतं. "तर तात्याबा पुढे सरकतील की मागे? आवाज चढवतील की उतरवतील? तुमच्या चित्रीकरणात असे प्रसंग हजारोंनी आहेत. प्रत्येक प्रसंग हा एक प्रश्न, आणि त्यांनी जे केलं ते त्याचं उत्तर. पुरेशी उत्तरं जमली की त्या माणसाची घडण हाती लागते. मग आपण कधीच न विचारलेल्या प्रश्नालाही तो स्वतःसारखंच उत्तर देतो."

त्यासाठी कापून, जुळवून तयार केलेला चित्रपट कुचकामी असतो. लागतं ते कच्चं चित्रीकरण. खोकला, जांभया, मधल्या शांतता, कुणीतरी 'चहा झाला का' म्हणून ओरडलेलं, सगळं. बाकीचे दिग्दर्शक ते टाकून देतात. वैजयंतीने आयुष्यात काहीही टाकलेलं नव्हतं, हे तिचं घर बघितलेला कुणीही सांगेल.

"आणि जे मी टिपलंच नाही, त्याचं काय?" वैजयंतीने तेव्हा विचारलं होतं.

"त्याच्या सगळ्यात जवळचं जे आहे त्यावरून यंत्र पुढे जातं. भोक राहू देत नाही." सानिका जरा थांबून म्हणाली होती, "खरं तर आपल्यात भोक आहे हे त्याला कळतच नाही."

चाचणीच्या आठवड्यात बोलावलेल्या पाहुण्यांनी खोली डोक्यावर घेतली. एका निवृत्त मुख्याध्यापकांना तात्याबांनी असं काही फैलावर घेतलं, की बाहेर पडताना त्यांनी पहारेकऱ्याला हळूच विचारलं, "दंड कुठे भरायचा असतो?" हा किस्सा सानिका येईल त्याला सांगत होती. वैजयंतीनेही तो दोनदा सांगितला. आपण जमवलेली माणसं बघायला लोक रांगा लावणार, या कल्पनेने तिला या वयात झोपेतून हसत उठायची सवय लागली होती.

राहिली होती ती एकच गोष्ट. गेलेल्या माणसाचा सहवास लोकांसमोर आणायचा तर वारसाची संमती लागे, तसा कायदाच होता. तात्याबांना एकुलती एक मुलगी, छबू. तिचा होकार आला की दालन उघडणार, नाही आला तर तात्याबा विझणार. आणि तात्याबाच नाहीत तर दालन म्हणजे पुन्हा चार पडदे आणि चाळीस डोकी.

होकाराची वैजयंतीला काडीची शंका नव्हती. छबूच्या लग्नात तिने पंगतीत वाढलं होतं.

* * *

छबू आली ती थेट ड्युटीवरून. ती एसटीत वाहक होती. तिकिटं आता बसच फाडत असली तरी बाजाराच्या गाड्यांवर अजून माणूस लागत असे. बार्शीहून स्वारगेटला गाडी लावून, परतीच्या फेरीपर्यंत वेळ काढून ती खाकी गणवेशातच संग्रहालयात शिरली, आणि दारावरचा पहारेकरी सवयीने उठून उभा राहिला.

"माझी खाकी खरी हाय बरं का, ताई," ती वैजयंतीला हसून म्हणाली. "तात्या लई खूश असायचे. म्हणायचे, घराण्यात एक तरी वर्दी पगाराची आली."

वैजयंती तिला खोलीत घेऊन गेली. सानिका दाराशी थांबली. प्रकाश उतरला आणि तात्याबा उभे राहिले.

छबूने तोंडावर पदर घेतल्यासारखा हात नेला. थोडा वेळ ती नुसती बघत राहिली. बापाच्या डाव्या पायाचं किंचित ओढत चालणं, बोलण्याआधी मिशी चाचपणं, सगळं होतं.

"ए बाई, कुठली तू? वर्दी कुठनं आणली?" फौजदार कडाडला.

"बार्शी डेपोतनं, साहेब," छबू लगेच म्हणाली. तिच्या आवाजात लहान मुलीची खोडी आली होती.

"डेपोतनं? म्हंजे गाडी चोरली! कुठं लपवली सांग, पदरात का अंबाड्यात?"

छबू हसली. मग तीही सरसावली, सवालाला जवाब देत राहिली. बापलेकीची अशी जुगलबंदी वैजयंतीने पूर्वी माळावर बघितली होती. सगळं मनासारखं चाललं होतं. फौजदाराने छबूला कलमं लावली, साक्षीदार म्हणून एक म्हैस बोलावली, म्हशीची उलटतपासणी घेतली. छबू हात जोडून म्हणाली, "हरले, साहेब." आणि वाट बघत थांबली.

फौजदाराने नवं कलम काढलं.

छबू पुन्हा म्हणाली, "हरले म्हणलं ना, तात्या. बास आता. उतरवा."

"कोण तात्या? फौजदाराला तात्या म्हनती? चौथं कलम!"

छबूचं हसू मावळलं. ती एक पाऊल पुढे गेली. "तात्या, मी छबू. बास की. टोपी काढा."

फौजदार मिशी चाचपत बोलतच राहिला. विनोद चांगले होते, एकही शिळा नव्हता. छबू वळली आणि खोलीच्या बाहेर चालती झाली.

ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. सानिकाने पाणी आणून दिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "काही चुकलंय का? आवाज? चाल? सांगा, दुरुस्त करता येईल."

"काय बी चुकलं न्हाय. सगळं बराबर हाय." छबूने ग्लास खाली ठेवला. "पर ह्यो माणूस फसवतोय."

सानिकाला वाटलं, हिला यंत्राची भीती वाटतेय. तिने धीर द्यावा म्हणून मुख्याध्यापकांचा किस्सा सांगितला. छबू ऐकत गेली तसतसा तिचा चेहरा कसनुसा झाला.

"त्या म्हाताऱ्याला कुणी सांगितलं का न्हाय नंतर? का तसाच घरी गेला?"

सानिका आणि वैजयंतीने एकमेकींकडे बघितलं. कुणी सांगितलं नव्हतं.

"आमच्या घराण्यात येक नेम हाय," छबू म्हणाली. "सोंग घेतलं की त्याच दारात उतरवायचं. टोपी काढायची, आपलं नाव सांगायचं, बिदागी मागायची. देवो न देवो, मागायची. त्याशिवाय उंबरा सोडायचा न्हाय. मागितलं म्हंजे समोरच्याला कळतं, ह्यो साहेब न्हाय, आपल्यासारखा माणूस हाय. आन् मागितलं न्हाय तर ते सोंग ऱ्हात न्हाय, ताई. लबाडी व्हती. माझ्या चुलत आज्यानं येकदा घाईत तसंच गाव सोडलं, तर पुढच्या येशीवर धरून मारला लोकांनी. तवापासून तात्या म्हणायचे, इसरायचं ते समदं इसर, पर उतरवायचं इसरू नको."

ती उठली. "सही न्हाय करणार मी. गाडीची येळ झाली."

* * *

घरी आल्यावर वैजयंतीने तात्याबांचं कच्चं चित्रीकरण काढलं आणि दुपारभर बघत बसली. फौजदार, वीज मंडळाचा साहेब, डॉक्टर, लग्नाचं आवतण घेऊन आलेला भटजी. प्रत्येक सोंग रंगात यायचं, गाव हसायचं, आणि शेवटी तात्याबांचा उजवा हात टोपीकडे जायचा. तिथे पडदा काळा होत होता.

प्रत्येक वेळी. मागायला लागले की कॅमेरा खाली. बटण दाबणारं बोट तिचंच होतं.

तिने आठवून बघितलं. टोपी काढल्यावर ते कसे उभे राहायचे? हात कसा पुढे करायचे? काय बोलायचे? तिला काही म्हणता काही आठवेना. वीस वर्षं तिने त्या माणसाकडे बघितलं होतं, आणि त्या घडीला मात्र ती दरवेळी मान खाली घालून भिंगावर झाकण बसवत असायची. कुणाची लाज झाकतोय अशा समजुतीने तिने जे झाकलं, ती लाज तात्याबांची नव्हतीच. ती तिची होती. हे कळल्यावर तिला स्वतःचा इतका राग आला की तिने चहाचा कप मोरीत आपटला.

दुसऱ्या दिवशी ती सानिकाकडे गेली. सानिकाने आधीच वाट काढून ठेवली होती.

"बघा तर," ती म्हणाली.

उजेडातले तात्याबा या खेपेला बोलता बोलता थांबले. त्यांनी टोपी काढली, कमरेत वाकले, मान तिरकी केली आणि थरथरता तळहात पुढे केला. "द्या मायबाप, गरिबाला," ते म्हणाले.

"हे कुठून आणलंस?"

"जगभरातलं आहे. मागणाऱ्या माणसांची चित्रीकरणं हवी तेवढी सापडतात. त्यातून घेतलं आणि तात्याबांच्या अंगावर बेतलं. सांधा दिसतोय का? छबूताईंनाही दिसणार नाही. त्या रडतील आणि सही करतील."

वैजयंती त्या थरथरत्या तळहाताकडे बघत राहिली. सांधा खरंच दिसत नव्हता. छबू बापाला चार वर्षांनी बघत होती. कदाचित तिलाही पटलं असतं. निमंत्रणं गेली होती. मंत्री येणार होते. एक साधा होकार, आणि आयुष्यभराची कमाई रांगेत उभी राहिली असती.

"तिने सही केली असती," ती म्हणाली. "म्हणूनच हे तिला दाखवायचं नाही. पुसून टाक."

"मॅडम, मग दालन?"

"ते बघते मी. सानिका, हे तात्याबा नव्हेत. कसे होते ते मलाही माहीत नाही, पण असे नव्हते एवढं खात्रीने सांगते."

* * *

बार्शीच्या पुढच्या माळावर आता पालं नव्हती. पत्र्याची घरं झाली होती, दोन-चार पक्कीही. छबूच्या घरासमोर शेवग्याचं झाड होतं. सुट्टीचा दिवस असल्यामुळे ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. वैजयंतीला बघून तिने पायावर घ्यायला पाणी दिलं, घोंगडी टाकली, आणि काही झालंच नाही अशा थाटात चहा ठेवला.

"सही मागायला आला असाल तर च्या पिऊन जावा," ती आतून म्हणाली.

"सही नको. मला एक दाखव. तात्या टोपी काढल्यावर काय करायचे?"

छबू चहा घेऊन बाहेर आली. "तुमी तर वीस वर्सं बगितलंय."

"नाही बघितलं," वैजयंती म्हणाली. "तेव्हा मी कॅमेरा बंद करत होते."

छबू खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "मला ठाव हाय. तात्या बी हसायचे. म्हणायचे, ताई लई चांगल्या हायत, पर आपण मागाय लागलो की त्यांना भ्या वाटतंय."

वैजयंती घोंगडीचे दोरे ओढत बसली.

"आणखी येक सांगू? राग नका मानू." छबूने बशीत चहा ओतला. "तुमी यायचा तवा लुगडं नेसून यायचा. भुईवर बसायचा, भाकर खायचा, आमच्यावाणी बोलायचा. आम्हाला वाटायचं, आपल्यातल्याच झाल्या. मग काम झालं की गाडीत बसून पुण्याला. तात्या येकदा म्हणाले, छबे, ताईंचं सोंग आपल्यापेक्षा भारी हाय. कवाच उतरवत न्हाईत."

हे बोलणं वैजयंतीच्या काळजाला लागलं. पुढच्याच क्षणी तिला कळलं की तात्याबांनी ते टोमणा म्हणून म्हटलेलं नसणार. एका कलावंताने दुसऱ्याचं केलेलं कौतुक होतं ते, आणि म्हणून जास्त बोचत होतं. आपण या माणसांचं भलं केलं असंच ती धरून चालली होती. केलंही होतं थोडंफार. पण इतक्या वर्षांत या दारातून जाताना 'मी तुमच्याकडून हे घेऊन चाललेय, नेऊ का?' असं तिने एकदाही विचारलं नव्हतं. ती देणारी आहे असंच सगळे समजत, आणि तीही तसंच समजत आली.

"दाखव ना," ती पुन्हा म्हणाली.

"आमच्यात बायका सोंग घेत न्हाईत."

"सोंग घेऊ नको. उतरवून दाखव फक्त."

छबूने बशी ठेवली. ती आत गेली आणि खुंटीवरची तात्याबांची खाकी टोपी घेऊन आली. कापड झिजून मऊ झालं होतं. अंगणाच्या मधोमध उभं राहून तिने ती डोक्यावर ठेवली, इकडे तिकडे कुणी बघत नाही ना ते बघितलं आणि मग उजव्या हाताने उचलली. ती वाकली नाही. टोपी उलटी करून दोन्ही हातांत छातीशी धरली, मान ताठ ठेवली आणि वैजयंतीच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"फौजदार गेला, मायबाप. आता ह्यो तात्याबा शेगर हुबा हाय. हसला असाल तर टोपीत टाका कायबी. न्हाय हसला तर नाव तेवढं ध्यानात ठेवा."

ते ऐकून वैजयंतीला जाणवलं की उजेडातला तो फौजदार आठवडाभर बोलत होता, पण स्वतःचं नाव त्याने एकदाही घेतलं नव्हतं.

"हे टिपू का?" तिने विचारलं. "यंत्राला शिकवता येईल. खरं, तात्यांचं."

"न्हाय." छबूने टोपी खाली घेतली. "यंत्रानं टोपी काढली तर ते बी सोंगच की. त्याला पोट न्हाय, त्ये काय मागणार? उतरवायला जित्ता माणूस पायजे."

"मग कोण? तू येशील?"

"माझी ड्युटी आस्ती. आन् हुबा मी न्हाय केला त्याला. ज्यानं हुबा केला त्यानं उतरवावा."

छबूने टोपी तिच्यापुढे धरली. वैजयंतीने ती घेतली, अंगणात उभी राहिली, उलटी करून छातीशी धरली, आणि तिची मान आपोआप खाली गेली. कॅमेरा हातात असता तर ती कुणाच्याही डोळ्यांत बघू शकली असती. आता समोर फक्त छबू होती, तरी कानशिलं तापली.

"माझ्याच्यानं नाही होणार गं," ती म्हणाली.

"हुतंय," छबू म्हणाली. "मान वर करा. तात्यांना बी पयल्यांदा जड गेलं हुतं."

* * *

उद्घाटनाला गर्दी झाली. मंत्री उशिरा आले, लवकर गेले. छबू आली नव्हती. तिची बाजाराची गाडी होती. पण तिची सही आली होती. तात्याबांनी टोपी कधी काढायची नाही आणि ते विझल्यावर जिवंत माणसाने पुढे यायचं, नाहीतर सही परत घेतली असं समजायचं, एवढी तिची अट. सानिकाला ती विचित्र वाटली होती, पण तिने यंत्रात तेवढी सोय करून दिली. कुणी हात जोडून 'हरलो' म्हटलं की प्रकाश विझायचा.

फौजदाराने पुणेकरांना सरळ केलं. एका नामांकित वकिलांना त्याने वकिलीचं लायसन मागितलं. लोक पोट धरून हसले. शेवटी वकिलांनीच हात जोडले, "हरलो, साहेब," आणि खोलीत अंधार झाला. टाळ्या पडल्या. लोक दाराकडे वळू लागले.

तेवढ्यात साधे दिवे लागले आणि जिथे उजेडाचा फौजदार उभा होता तिथे चौसष्ट वर्षांची वैजयंती कारखानीस उभी होती. तिच्या डोक्यावर झिजकी खाकी टोपी होती. काहीजण हसले, त्यांना वाटलं, हाही खेळाचाच भाग.

तिने टोपी काढली, उलटी केली, छातीशी धरली. मान खाली जाऊ लागली तशी तिने ती वर ओढली.

"फौजदार गेला, मायबाप," ती म्हणाली. "तो फौजदार नव्हता. उजेड होता. त्याचा मूळ माणूस तात्याबा शेगर, बार्शीच्या पुढच्या माळावरचा. तो आता नाही. मी वैजयंती कारखानीस. पस्तीस वर्षं मी लोकांच्या दारातून त्यांची आयुष्यं घेऊन गेले, आणि मागितलं कधी नाही. म्हणून आज मागतेय. हसला असाल तर टोपीत टाका काही. नाही हसला तर नाव तेवढं लक्षात ठेवा. त्याचं."

आणि तिने टोपी पुढे केली.

वकील खिसे चाचपू लागले, मग थांबले. एका बाईंनी नजर जमिनीकडे वळवली. मागच्या भिंतीशी ते मुख्याध्यापक होते. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि पहिल्यांदाच मनमोकळं हसले. पुढच्या रांगेत सुरुवातीपासून सगळं टिपत असलेली एक मुलगी होती, चित्रपटाची विद्यार्थिनी असावी. वैजयंतीच्या पसरलेल्या हातांकडे बघून ती गोंधळली. मोठ्या बाईंचा अपमान होऊ नये म्हणून तिने अदबीने, अगदी हळूच, कॅमेरा खाली घेतला.

वैजयंतीने तिच्याकडे बघितलं. ती अदब तिच्या चांगलीच ओळखीची होती.

"बंद करू नकोस, बाळ," ती म्हणाली. "वर घे. हे टिपायचं राहिलं की बाकीचं सगळंच खोटं ठरतं."

मुलीने कॅमेरा पुन्हा वर घेतला. वैजयंती टोपी धरून, डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिली, आणि मुख्याध्यापक खिशात हात घालत गर्दीतून पुढे आले.